राब भाजणारी बाई

आमच्या घरात भिंतीवर आईचा जो फोटो होता, त्यात आईचं फक्त तोंड होतं. बाकीची बाई कोण, हे आम्हाला कधीच कळलं नाही.

आई गेली तेव्हा घरात तिचा एकटीचा म्हणून एकही फोटो नव्हता. लग्नातला नाही, जत्रेतला नाही. होता तो मतदार ओळखपत्रावरचा, टपालाच्या तिकिटाएवढा. तो घेऊन मी कर्जतच्या बाजारातल्या एका स्टुडिओत गेलो. स्टुडिओवाल्याने नखाने मानेवर रेघ दाखवली आणि म्हणाला, इथून खाली साडी बसवून देतो, काळजी करू नका. दोन दिवसांनी आई तयार. हिरवी, रुंद काठांची साडी, खांद्यावर पिन लावलेला पदर, गळ्यात ठसठशीत मंगळसूत्र, मागे निळं आभाळ. आईने जन्मभर लुगडं नेसलं. पिन तिच्या बांगडीत अडकवलेली असायची खरी, पण ती पायात रुतलेला काटा काढायला. दिवसकार्याच्या गडबडीत कोणी नीट पाहिलं नाही. चंदनाचा हार चढला आणि फोटो भिंतीवर गेला.

नीट पाहिलं ते फक्त बाबांनी. "तोंड हिचं हाय," ते म्हणाले. "पन बाई कोन दुसरीच हाय." पुढची दहा-अकरा वर्षं बाबा रोज सकाळी त्या दुसऱ्याच बाईसमोर उदबत्ती लावत आले.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी ते अंगणात ऊन खात बसले होते. वय पंच्याऐंशीच्या पुढे. एका डोळ्याने कधीच रजा घेतलेली, दुसऱ्याचं रडतखडत चाललेलं. मी चहा नेऊन दिला, तर दोन्ही हातांनी कप धरून आधी हात शेकले. मग म्हणाले, "तो फोटो बगून बगून माज्या डोल्यांत तीच बसली रं, हिरव्या साडीची. खरी होती ती दिसतच नाय. डोलं मिटलं तरी नाय दिसत."

मी चिडलो. हा माझा स्वभावच आहे, वाईट वाटलं की मी आधी चिडतो. या वयात असं व्हायचंच, सगळ्यांचं होतं, चहा गार होतोय, असं काहीतरी फाडफाड बोलून मी आत आलो. पण दिवसभर ते डोक्यातून गेलं नाही. तो फोटो मीच करून आणला होता.

माझी सगळी नोकरी मुंबईत एका छापखान्यात गेली. पळसदरीजवळच्या आमच्या गावातून जाऊन-येऊन केली. काचेचं टेबल, काचेखाली दिवा, आणि त्यावर पुस्तकाच्या पानांच्या फिल्म जुळवायच्या, मजकूर कुठे, चित्र कुठे, हे माझं काम. पुढे कॉम्प्युटर आला आणि टेबल गेलं, पण नजर तीच राहिली. चित्र वाकडं, रंग सरकलेला, फिल्म उलटी लागलेली, असलं काही माझ्या हातून सुटायचं नाही. लोक म्हणायचे, ह्याला दाखवल्याशिवाय मशीन सुरू करू नका. निवृत्त झालो तेव्हा छापखान्यातलं एक भिंग तेवढं मी मागून घेतलं.

त्यामुळे घराला रंग लावल्यावर बायको म्हणाली की बैठकीच्या खोलीत कॅलेंडरऐवजी एखादं चांगलं चित्र लावू, तेव्हा मी अट घातली. लावायचं तर अस्सल. बाजारातला छापील धबधबा मला सहन होत नाही. मग दुपारी जेवण झालं की मी मोबाइल घेऊन बसायला लागलो. छायाचित्रकारांनी स्वतः सही करून दिलेले प्रिंट विकणाऱ्या साइट असतात, हे मला तेव्हाच कळलं. किती प्रती काढणार ते आधीच जाहीर करतात, त्याहून जास्त काढत नाहीत. प्रत्येक प्रतीला नंबर. पांढऱ्या समासात पेन्सिलीने सही. कागद सुती, शाई न उडणारी, आणि सोबत अस्सलपणाचा दाखला. आणि ह्याच चित्रांच्या चोऱ्याही तिथेच शेजारी चालतात. इंटरनेटवरून चित्र उचलायचं, ताणून मोठं करायचं, कापडावर छापायचं आणि 'ओरिजिनल' म्हणून विकायचं. मी बोटांनी चित्र मोठं करून कडा बघायचो आणि फाटलेली कड दिसली की बायकोला हाक मारून दाखवायचो. दोन-तीनदा ती आली, मग यायची बंद झाली.

एके दिवशी गंमत म्हणून मी 'कर्जत' टाकून शोधलं. धबधबे, ढग, पुन्हा धबधबे. बरंच खाली गेल्यावर एक काळं-पांढरं चित्र आलं. जमिनीलगत पसरलेला धूर. धुराच्या कडेला लुगडं नेसलेली एक तरुण बाई, हातात लांब काठी, धूर लागू नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढलेला. एका बाजूला दोन फांद्यांचं झाड, त्याच्या सगळ्या डहाळ्या छाटलेल्या, आणि मागे डोंगर. नाव इंग्रजीत होतं, त्याचा अर्थ 'जळालेलं शेत'. खाली आणखी चार ओळी. उभं पीक आगीत गेलेल्या एका शेतकरी स्त्रीचा मूक आक्रोश, वगैरे.

मी एकटाच मोठ्याने हसलो. अहो, तो राब होता. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं, तिथे उन्हाळ्यात शेण, छाटलेल्या डहाळ्या आणि पाला पसरायचा, वर माती टाकायची आणि सावकाश जाळायचं, म्हणजे जमीन भाजून निघते आणि रोप जोमानं येतं. आमच्याकडे दर वर्षी प्रत्येक घर हे करत आलंय. आक्रोश कसला? त्या बाईला फार तर घरी जाऊन भाकऱ्या टाकायची घाई असेल.

मग मला तिचा पाय दिसला. एका पायावर भार, आणि दुसऱ्या पायाचा तळवा पहिल्याच्या घोट्यावर टेकवलेला. विहिरीवर, चुलीपुढे, बांधावर, कुठेही उभं राहायचं झालं की आई अशी उभी राहायची. मी झाड पुन्हा पाहिलं. दोन फांद्यांचा ऐन. आमच्या राबाच्या कडेला होता तसाच. मी मोबाइल मांडीवर ठेवला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

बाबांना काही सांगितलं नाही. मोबाइलवर त्यांना काही दिसत नाही, आणि उगाच आशा लावायची नव्हती. विकणाऱ्यांना लिहिलं की सहीचा कोपरा, पाठीमागचा नंबर आणि कागदाची कड यांचे फोटो पाठवा. तिकडून एक मुलगी उत्तरं द्यायची, फार सोशीक. सगळं पाठवलं. मग न राहवून मी तिला राब म्हणजे काय, तेही सविस्तर लिहिलं. तिने कळवलं की कलेचा अर्थ ज्याने-त्याने आपापला लावायचा असतो. त्यावर मी आणखी मोठं पत्र लिहिलं. तिने जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. प्रिंटची किंमत ऐकून बायको एवढंच म्हणाली की धबधबा काय वाईट होता. मग मी तिला चित्रातला पाय दाखवला, आणि तिने तो विषय परत काढला नाही.

आठवड्याने कुरिअरवाल्याचा फोन आला. त्याला देवळापासून तीन वळणं समजावून सांगितली, तरी तो चौथ्याच घरी जाऊन आला. जाड पुठ्ठ्याची नळी. आत प्रिंट, पातळ कागदात गुंडाळलेला, आणि तो हाताळायला पांढरे हातमोजे. मी हातमोजे चढवून टेबलावर प्रिंट पसरला आणि भिंगाखाली घेतला. ऑफसेटच्या छपाईतले ओळीत बसलेले ठिपके नव्हते. काळा रंग कागदात मुरलेला होता. समासात सही होती, पंधरापैकी चौथी प्रत असं लिहिलेलं होतं, पाठीमागच्या चकाकत्या तिकिटावर तोच नंबर. मी दाखला वाचून दाखवला. कागद अस्सल, शाई अस्सल, सही अस्सल.

बायको म्हणाली, "आणि ह्या सासूबाईच आहेत, असं लिहिलंय का कुठे?"

तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते एकच माणूस सांगू शकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला आल्यावर मी बाबांना टेबलापाशी आणून बसवलं. काय आहे, कोण आहे, काही सांगितलं नाही. भिंग त्यांच्या हातात दिलं. ते चित्रावर वाकले आणि एका कडेपासून सुरू झाले, शेत बघायला बांधावरून फिरावं तसे. धूर पाहिला. आग कुठल्या टोकाला लावलीय ते पाहिलं आणि मान डोलावली. राब बरा रचलाय, म्हणाले. मग बाईपाशी आले. पाय पाहिला. पायावर ते बराच वेळ थांबले. मग भिंग वर गेलं, तोंडापाशी, तिथून खाली हातापाशी, आणि पुन्हा तोंडापाशी.

"उभी तशीच हाय," ते म्हणाले. "पन काठी उजव्या हातात हाय. ही ती नाय रं."

आई डावरी होती. वाढताना डावा हात पुढे आला म्हणून तिने आजीची किती बोलणी खाल्ली, हे घरात सगळ्यांना माहीत. मला माहीत नव्हतं का? पण पाऊल दिसल्यावर मी हात पाहिलाच नव्हता. बाबा भिंग खाली ठेवून म्हणाले की डोंगरपण आपला वाटत नाही. मग भिंतीला धरत अंगणात गेले. त्यांनी ओळखलं होतं मी कशासाठी दाखवलं ते, आणि त्याचंच मला जास्त लागलं. नसलेली आशा मी लावली आणि मीच काढून घेतली.

दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोललो नाही. राग छायाचित्रकाराचा होता, त्या सोशीक मुलीचा होता, आणि खरं सांगायचं तर बाबांच्या डोळ्याचाही होता. असल्या डोळ्याने त्यांना काय दिसणार, असं मी मनात म्हणून घेतलं. प्रिंट परत पाठवायला सात दिवसांची मुदत होती. पण पाठवण्याआधी एकदा जागेवर जाऊन खातरजमा करावी म्हणून तिसऱ्या दिवशी मी आमच्या जुन्या राबावर गेलो.

तो तुकडा आम्ही कधीच विकला. आता तिथे मुंबईच्या एका डॉक्टरांचा बंगला आहे. रखवालदार वरच्या वाडीतला, ओळखीचा. त्याने फाटक उघडून दिलं. ऐन अजून उभा होता. दोन्ही फांद्या शाबूत, एकीला झोपाळा टांगलेला. झाड तर जुळलं. मी मोबाइलवर ते चित्र उघडलं आणि डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो. आमच्या डोंगराच्या माथ्यावर एक खाच आहे, कुऱ्हाडीचा घाव बसल्यासारखी. ती समोर उजव्या हाताला होती. चित्रातही खाच होती, पण डाव्या हाताला. झोपाळ्याची जाड फांदी डावीकडे. चित्रात उजवीकडे.

फिल्म उलटी लागली होती.

मी तिथेच झोपाळ्यावर बसलो. जन्मभर दुसऱ्यांच्या उलट्या फिल्म पकडल्या. इथे समोर अख्खा डोंगर उलटा होता, तो भिंग लावूनही मला दिसला नाही, आणि एका डोळ्याच्या म्हाताऱ्याला दिसला होता. त्याने तसं तोंडाने सांगितलंही होतं. मला माझीच लाज वाटली. रखवालदार पाणी घेऊन आला, बरं वाटत नाही का म्हणून विचारत होता. मी पाणी प्यायलो आणि जवळजवळ पळतच घरी आलो.

आमच्या आतल्या खोलीत लोखंडी कपाट आहे, त्याच्या दाराला मोठा आरसा आहे. बाबांना आणून मी आरशासमोर खुर्चीत बसवलं, खुर्ची अगदी जवळ ओढली. त्यांच्या मागे उभा राहून प्रिंट दोन्ही हातांनी त्यांच्या खांद्याशी धरला. हातमोजे घालायचं राहूनच गेलं. बाबा, आरशात बघा, म्हटलं.

ते पुढे झुकले. आरशात डोंगर सरळ झाला, झाड आपल्या बाजूला गेलं, काठी डाव्या हातात आली. पदराच्या वर तेवढेच डोळे आणि कपाळ. पण ते तोंडही आता कोणाचं तरी राहिलं नाही, माझ्या आईचं झालं, आजच्या माझ्या मुलीपेक्षा लहान वयाच्या आईचं. तिला एवढी तरुण मी कधी पाहिलंच नव्हतं. बाबांनी पाहिलं होतं. त्यांनी हात लांब करून आरशाच्या काचेला बोटं लावली.

"हां," ते म्हणाले. मग माझ्याशी नाही, तिच्याशी बोलले. "वारा फिरलाय गं. हिकडं ये, धुरात नको उबी राहू."

बायको दारात उभी होती, ती स्वयंपाकघरात निघून गेली. माझे हात भरून आले तरी मी प्रिंट खाली केला नाही. त्यांनीच थोड्या वेळाने सांगितलं, ठेव आता.

प्रिंट विकणाऱ्यांकडच्या त्या सोशीक मुलीला मी कळवलं की फोटो उलटा छापलाय. आधी तिला पटेना. डोंगराचा मी काढलेला फोटो पाठवल्यावर मात्र संध्याकाळी खुद्द छायाचित्रकाराचा फोन आला. म्हातारा माणूस, हिंदीत बोलत होता, आवाज ओशाळलेला. तरुणपणी गाडी चुकली म्हणून पळसदरीहून पायी निघाला होता, तेव्हा काढलेला हा फोटो. निगेटिव्ह इतकी वर्षं डब्यात पडून होत्या. अलीकडे कोणीतरी त्या कॉम्प्युटरवर घेतल्या, तेव्हा ही उलटी पडली असणार. त्याला त्या दिवसाचं आणखी फारसं आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की ती बाई त्याच्याकडे बघून हात हलवत जोरजोरात ओरडली होती. मराठी फारसं कळत नव्हतं, त्याला वाटलं ती रडतेय, शेत गेलं म्हणून. बाबांना मी हे सांगितलं तर ते खुदकन हसले. धुरातून बाजूला हो मेल्या, म्हणाली असेल, म्हणाले. मी हिंदीतून तसं सांगितलं.

मग तो म्हणाला की मी सरळ प्रिंट नव्याने काढून देतो, उलट्या प्रती पुढे विकणार नाही. नावही बदलतो. तुम्ही सांगाल ते नाव आणि त्याखाली या बाईंचं नाव. काय नाव त्यांचं?

फोनचा आवाज मोठा होता, बाबा शेजारीच होते. मी आईचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आमच्याकडच्या जुन्या पुरुषमाणसांसारखंच बाबांनीही कधी बायकोचं नाव घेतलं नाही. अगं, पोरांची आई, घरातली, एवढ्यावर सगळा संसार झाला. ती गेल्यावरही मी त्यांच्या तोंडून नाव ऐकलं नव्हतं.

"रेशनकार्डावर हाय ते नको सांगू," ते म्हणाले. "ते आमी ठिवलेलं, लग्नात. तिचं ते नव्हं."

आणि मग त्यांनी नाव घेतलं. आई खालापूरकडची. तिकडच्या तिच्या आईबापाने ठेवलेलं, पहिली अठरा वर्षं तिला ज्या नावाने हाका मारल्या ते. मला ते माहीत नव्हतं. तिच्या पोटी जन्मून, तिच्या चितेला अग्नी देऊन, मला ते माहीत नव्हतं. ते एकदा घेऊन बाबा थांबले, आणि मग फोनवाल्याला नीट ऐकू जावं म्हणून आणखी एकदा, सावकाश, म्हणाले. मी ते इथे लिहीत नाही. ते त्यांनी घ्यायचं होतं, त्यांनी घेतलं.

महिन्याभराने सरळ प्रिंट आला. मी कर्जतहून फ्रेम करून आणली, समास कापू नको म्हणून फ्रेमवाल्याच्या डोक्यावर उभा राहून. हिरव्या साडीचा फोटो उतरवला आणि त्याच खिळ्यावर हा लावला. खाली छापलंय, राब भाजणारी बाई, आणि त्याखाली ते नाव. बायकोने जुन्या फोटोवरचा चंदनाचा हार पुसून आणला आणि माझ्याकडे दिला. मी स्टुलावर चढलो.

"हार नको घालू," बाबा खालून म्हणाले. "कामात हाय ती."